फितीची घडी नेमकी कुठे पडते? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

बुलेट जर्नलच्या, म्हणजे रोजची कामं आणि सवयी नोंदवायच्या हाताने आखलेल्या वहीच्या पानावर काढायच्या फिती, पताका आणि शीर्षकं यांबद्दल अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांतली सगळी मापं ५ मिमी अंतरावर ठिपके असलेल्या ए५ वहीसाठी आहेत. शेजारच्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराला आम्ही 'घर' म्हटलं आहे. १ घर म्हणजे ५ मिमी.

प्रश्न (देवगड): महिन्याच्या नावासाठी फीत काढते. पुढचा भाग बरा येतो, पण दोन्ही बाजूंची टोकं मागे गेल्यासारखी वाटतच नाहीत, नुसती बाजूला चिकटवल्यासारखी दिसतात. घडीचा गडद त्रिकोण नेमका कुठे रंगवायचा?

उत्तर: टोकं चिकटवल्यासारखी दिसतात, कारण ती पुढच्या भागाच्या काठापासून सुरू केलेली असतात. खरी फीत काठाशी संपत नाही. ती तिथे मागे वळते, थोडी आत येते, पुन्हा वळते आणि मग बाहेर जाते. म्हणजे प्रत्येक बाजूला तीन थर असतात: पुढचा भाग, त्याच्या मागे आत येणारी घडी आणि सगळ्यात मागे टोक. तुमचा गडद त्रिकोण म्हणजे मधल्या थराचा दिसणारा तुकडा.

एकदा हे हातात धरून पाहा. दीड सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब कागदाची पट्टी कापा, तिची एक बाजू पेन्सिलने काळी करा आणि ती तशी दुमडा. काळी बाजू फक्त एका छोट्या त्रिकोणात दिसेल. तो त्रिकोण डोळ्यांत बसला की पुढचं रेखाटन फार सोपं जातं.

आता वहीवर. पेन्सिलने १६ घरं लांब आणि ३ घरं उंच आयत काढा. हा पुढचा भाग. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला 'अ' म्हणू. 'अ'पासून खालच्या कडेवरून २ घरं डावीकडे या, तो 'आ'. 'आ'पासून सरळ खाली १ घर उतरा, तो 'इ'. 'आ' ते 'इ' ही छोटी उभी रेघ काढा आणि मग 'इ'पासून 'अ'पर्यंत तिरकी रेघ. हाच तुमचा त्रिकोण, आणि गडद करायचा तो एवढाच.

टोक 'इ'पासून सुरू होतं. तिथून उजवीकडे ५ घरं आडवी रेघ न्या. ती आयताच्या काठाच्या ३ घरं बाहेर जाईल. ही टोकाची खालची कड. वरची कड आयताच्या उजव्या काठावर, वरच्या कोपऱ्याच्या १ घर खालून निघते आणि तीही ३ घरं बाहेर जाते. बाहेरच्या बाजूला निशाणासारखी खाच हवी असेल तर ती १ घर आत घ्या. दोन घरं आत घेतली तर टोक कात्रीच्या पात्यांसारखं दिसू लागतं. डावीकडे हेच आरशातल्यासारखं उलट. एकूण रुंदी २२ घरं, म्हणजे ११ सेंटिमीटर होते. ए५ पान १४.८ सेंटिमीटर रुंद असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते.

चूक होते ती तीन ठिकाणी. पहिली म्हणजे तिरक्या रेघेच्या उजवीकडचा त्रिकोणही गडद केला जातो. तो टोकाचा भाग आहे, त्याला टोकाचाच रंग हवा. दुसरी, टोकाची उंची पुढच्या भागापेक्षा कमी घेतली जाते. फीत एकच आहे, मग तिची रुंदी मध्येच बदलणार कशी? दोन्हीकडे ३ घरंच हवीत. तिसरी, टोक वरच्या दिशेने सरकवलेलं असतं आणि त्रिकोण मात्र सवयीने खाली काढला जातो. टोक वर असेल तर त्रिकोणही वरच्या कडेवर येतो.

रंग भरताना पुढच्या भागाला एक हात, टोकाला त्याच रंगाचे दोन हात आणि त्रिकोणाला तीन. एवढ्यानेही खोली येते. आणखी हवी असेल तर सगळ्यात बारीक पेनने पुढच्या भागाच्या दोन्ही काठांपासून आत, फितीच्या लांबीच्या दिशेने, कमी-जास्त लांबीच्या सहा-सात रेघा ओढा. सगळ्यात लांब रेघ दीड घराची. सगळ्या सारख्या लांबीच्या आल्या तर सावली न दिसता कंगवा दिसतो.

प्रश्न (वेंगुर्ला): इंग्रजी नावं फितीत छान बसतात. 'फेब्रुवारी' किंवा 'जुलै' लिहायला घेतलं की वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही फितीच्या कडेला धडकतात. मराठीसाठी वेगळं माप असतं का?

उत्तर: असतं, आणि ते सांगायला मिळालं याचा आम्हाला मनापासून आनंद आहे, कारण फितीची बहुतेक तयार मापं रोमन लिपीसाठी बेतलेली असतात. रोमन कॅपिटल अक्षरं दोन रेघांमध्ये मावतात. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेखेवर मात्रा-वेलांटी-अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह आणि खाली उकार, रकार. फितीची उंची या तिघांत वाटून घ्यायची.

१५ मिमी, म्हणजे ३ घरं उंचीच्या फितीत शिरोरेखा वरून १ घर खाली, थेट ठिपक्यांच्या ओळीवर घ्या. तिच्याखाली ६ मिमी अक्षराचा देह, आणि उरलेले ४ मिमी उकारासाठी. वरच्या ५ मिमीतही दीड मिमी कोरी जागा कडेला सोडायची, म्हणजे मात्रेला साडेतीन मिमी मिळतात. 'जून' आणि 'जुलै' यात नीट बसतात. 'फेब्रुवारी' मात्र हट्टी शब्द आहे. वर मात्रा आणि वेलांटी, खाली 'ब्रु'चा रकार आणि त्याखाली उकार. त्याला ४ घरं उंची द्या. शिरोरेखा वरून साडेसहा मिमीवर, देह साडेसात मिमीचा, खाली सहा मिमी.

ज्या नावांत खाली काहीच लोंबत नाही (मार्च, मे, ऑगस्ट, डिसेंबर) तिथे तेच माप ठेवलं तर शब्द वर चढल्यासारखा दिसतो. तिथे सगळा शब्द दीड मिमी खाली सरकवा. पट्टीने मोजलं तर मध्य चुकलेला दिसेल, पण डोळ्याला तो बरोबर वाटतो, आणि इथे डोळ्याचं ऐकायचं.

लांबीचाही हिशेब वेगळा. फीत आधी काढून मग तिच्यात शब्द कोंबू नका. रद्दी कागदावर ठरलेल्या उंचीत शब्द लिहा, त्याची रुंदी मोजा, दोन्ही बाजूंना दीड-दीड घर मिळवा. ती तुमच्या फितीच्या पुढच्या भागाची लांबी. 'मे'ला पाच-सहा घरं पुरतात आणि 'मार्गशीर्ष'ला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. सगळ्या महिन्यांच्या फिती एकाच लांबीच्या करायचा आग्रह असेल तर सगळ्यात लांब नावावरून लांबी ठरवा आणि छोट्या नावांच्या दोन्ही बाजूंना एखादं पान, शंख किंवा नुसते तीन ठिपके टाका. 'मे'ची अक्षरं ताणून रुंद करू नका. ताणलेला 'म' बघवत नाही.

शिरोरेखा सगळ्यात शेवटी, एका ओघात ओढा. अक्षरागणिक तुकडे जोडत गेलात तर प्रत्येक सांध्यावर शाईचा ठिपका जमतो. पण 'भ', 'ध' आणि 'थ' यांच्या डोक्यावर ती तुटते हे विसरू नका. 'भाद्रपद' लिहिताना रेघ सरळ पुढे ओढली की तो 'माद्रपद' होतो, आणि तो पानावर महिनाभर तसाच राहतो.

मात्रा किंवा वेलांटी फितीच्या बाहेर काढायची असेल तर खुशाल काढा. जुन्या पाट्यांवर तसं असायचं आणि ते फार देखणं दिसतं. फक्त क्रम पाळा: अक्षरं आधी शाईने पक्की करा, मग फितीची कड ओढताना वेलांटीच्या दोन्ही बाजूंना एक-एक मिमी आधी थांबा. कड आधी ओढली आणि वेलांटी तिच्यावरून गेली तर तिथे फुली पडल्यासारखी दिसते.

प्रश्न (रत्नागिरी): सरळ फीत जमली. आता लाटेसारखी आणि कमानीसारखी काढायची आहे. अक्षरं कधी तिरकी करायची, कधी सरळ ठेवायची?

उत्तर: लाटेत सरळ, कमानीत तिरकी. कारण असं की लाटेची फीत म्हणजे वाऱ्यावर हलणारं कापड. कड वर-खाली होते, पण कापडाचे उभे धागे उभेच दिसतात. म्हणून 'क', 'त', 'प' यांचे दंड पानाच्या कडेशी समांतर ठेवायचे आणि फक्त शिरोरेखेला लाट द्यायची. कमान म्हणजे वर्तुळाचा तुकडा. तिथे प्रत्येक दंड त्या वर्तुळाच्या केंद्राकडे रोखलेला हवा, म्हणजे पहिलं अक्षर डावीकडे झुकतं, मधलं सरळ राहतं आणि शेवटचं उजवीकडे झुकतं.

लाटेसाठी १६ घरांच्या रेघेवर पाच खुणा करा: सुरुवात ० वर, चौथ्या घरावर १ घर वर, आठव्यावर पुन्हा ०, बाराव्यावर १ घर खाली, सोळाव्यावर ०. त्या हलक्या हाताने जोडा. मग तीच लाट, त्याच खुणांनी, १ घर खाली (ही शिरोरेखा) आणि ३ घरं खाली (ही खालची कड). दुसरी लाट अंदाजाने काढली की फीत कुठे जाड, कुठे बारीक होते. खुणा करायला दोन मिनिटं लागतात, ती द्या.

कमानीसाठी कंपास घ्या. एकाच केंद्रावरून तीन कंस: १२ सेंटिमीटर त्रिज्येची खालची कड, १३ ची शिरोरेखा, १३.५ ची वरची कड. १६ घरं रुंदीला या कमानीचा मध्य टोकांपेक्षा सुमारे ७ मिमी वर येतो. एवढी सौम्य कमान अक्षरांना सोसते, याहून जास्त वाकवली तर 'ऑक्टोबर'सारख्या शब्दाच्या कान्या-मात्रांची जुळणी बिघडते. कंपासचं टोक टेकवायच्या जागी पोस्टकार्डाचा तुकडा ठेवा, नाहीतर खालच्या चार-पाच पानांना भोक पडतं.

प्रश्न (चिपळूण): उन्हाळ्यात ज्या पेनांनी स्वच्छ काम व्हायचं, तीच पेनं पावसात फिसकटतात. हायलायटर फिरवला की काळी रेघ सोबत ओढली जाते. पानंही वाकडी होतात. काय करावं?

उत्तर: पेनं तीच आहेत, हवा बदलली आहे. पाण्यावर आधारलेली शाई दोन वाटांनी सुकते: थोडी कागदात शिरते आणि उरलेल्या शाईचं पाणी हवेत जातं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे दुसरी वाट जवळपास बंद होते. त्यात कागदही दमट, म्हणून पहिली वाटही मंदावते. रेघ वरून सुकलेली दिसते आणि आतून ओली असते.

सगळ्यात मोठा उपाय क्रम बदलणं. रंग आधी, रेघ नंतर. पेन्सिलीच्या रेखाटनावर हायलायटर किंवा ब्रश पेनचा रंग भरा, तो पूर्ण सुकू द्या, मग वरून काळी कड ओढा. असं केलं तर ओढली जायला रेघच नसते. एक सावधगिरी: रंगाखाली अडकलेली पेन्सिल नंतर खोडता येत नाही, विशेषतः पिवळ्याखाली ती मळकट दिसते. म्हणून रंग भरण्याआधी रेखाटन खोडरबराने थोपटून इतकं फिकं करा की जेमतेम दिसेल.

दुसरा उपाय पेनाच्या निवडीत आहे. फाइनलायनरवर (बारीक टोकाच्या पेनावर) 'पिगमेंट इंक' आणि 'वॉटरप्रूफ' असं लिहिलेलं पाहून घ्या. पिगमेंट म्हणजे रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण. ते एकदा कागदाच्या तंतूंत बसले की पाण्याने हलत नाहीत. साध्या जेल पेनांत किंवा स्वस्त स्केच पेनांत बहुधा पाण्यात विरघळणारा रंग असतो, त्यावर ओला हायलायटर गेला की तो पुन्हा विरघळतो. महागड्या ब्रश पेनांपैकीही बऱ्याच जणांचा रंग असाच विरघळणारा असतो. ब्लेंडिंग त्यामुळेच तर होतं. तेव्हा किमतीवर जाऊ नका.

वहीचं शेवटचं पान चाचणीसाठी राखून ठेवा. प्रत्येक पेनने एक रेघ ओढा, तिच्यावरून एक मिनिटाने, पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी हायलायटर फिरवा आणि निकाल तिथेच लिहून ठेवा. हीच चाचणी मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा करा. दोन्ही निकाल शेजारी पाहिले की पावसात किती थांबायचं याचा आकडा तुमच्याच घरच्या हवेचा मिळतो. घाई असेल तर टीपकागद ठेवून वरून दाबा, पुसू नका.

पानं वाकडी होतात त्याचं कारण कागदाचे तंतू. ते ओलावा पितात आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त फुगतात, त्यामुळे पान एका दिशेने लहरतं. ८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम) वहीत हे लगेच दिसतं आणि रंग मागच्या बाजूला उमटतोही. १२० किंवा त्याहून जाड कागद पावसात बराच टिकाव धरतो. स्पिरिटवाले पर्मनंट मार्कर मात्र १६० जीएसएमलाही आरपार जाऊ शकतात, ते फितीसाठी नकोतच. चिकटवायचं काही असेल तर पांढरा पातळ गोंद टाळा. तोही पाणीच आहे. ग्लू स्टिक वापरा.

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्याचा मोह होतो. दमट वही पिशवीत घातली की तो दमटपणा आतच कोंडला जातो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात ५० ग्रॅम सिलिका जेल एका सुती पुरचुंडीत ठेवा आणि आधी वही पंख्याखाली उघडी ठेवून मग डब्यात घाला. रंग बदलणारं, नारिंगी सिलिका जेल मिळालं तर उत्तम, ते भरलं की कळतं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. बुटांच्या खोक्यातून आलेल्या पुड्यांवर मात्र विसंबू नका. त्या आपल्या हाती येईपर्यंत बहुधा भरलेल्या असतात.

प्रश्न (अलिबाग): सवयींच्या नोंदीसाठी पताकांची माळ काढायची आहे, रोज एक पताका रंगवायची. ३१ पताका एका पानात बसवायच्या कशा? माझी माळ नेहमी एका बाजूला झुकते.

उत्तर: तीन माळा करा: ११, १० आणि १० पताकांच्या. प्रत्येक पताका वर २ घरं रुंद आणि अडीच घरं उंच. अकरा पताकांना २२ घरं लागतात. दहाच्या माळेत दोन्ही टोकांना एक-एक घर दोरी मोकळी राहते, ती तशीच चांगली दिसते. दोन माळांमध्ये ६ घरं अंतर ठेवा.

झुकते ती दोरी अंदाजाने काढल्यामुळे. हे आकडे घ्या. दोरीची दोन्ही टोकं एकाच ओळीवर, २२ घरं अंतरावर. डाव्या टोकापासून दुसऱ्या घरावर ३ मिमी खाली, चौथ्यावर ६, सहाव्यावर ८, आठव्यावर ९, दहाव्यावर १० मिमी. उजव्या टोकापासूनही हेच. या खुणा जोडल्या की मधोमध १ सेंटिमीटर झोळ असलेली दोरी मिळते.

पताकेचं टोक सरळ खाली हवं, दोरीला काटकोनात नव्हे. दोरी तिरकी असली तरी कापड वजनाने सरळच लोंबतं. सगळ्या पताका पंख्याच्या पात्यांसारख्या पसरल्या की माळ हवेत तरंगल्यासारखी दिसते. नारळी पौर्णिमेला होड्यांवर बांधलेल्या माळा बंदरावर जाऊन नीट पाहा, किंवा फोटोत पाहा. वारा पडलेला असला की प्रत्येक पताका सरळ उभ्या रेषेत असते.

तारखेचे आकडे ३ मिमी उंचीचे, पताकेच्या वरच्या अर्ध्या भागात. त्याखाली '२८'सारखे दोन आकडे शेजारी मावत नाहीत.

प्रश्न (मालवण): भाद्रपदाच्या पानावर गणपतीची सजावट करायची आहे, पण मोदक, जास्वंद, दूर्वा, उंदीर सगळं घातलं की फीत हरवून जाते. आपल्याकडचं काही वेगळं सुचवा.

उत्तर: एक विषय निवडा आणि बाकीचे पुढच्या वर्षांसाठी ठेवा. आमची पसंती माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांनी सजवलेल्या लाकडी चौकटीला. फितीच्या वरच्या कडेच्या ३ घरं वर एक आडवी दुहेरी रेघ ओढा, ती माटवीची पट्टी. तिला खाली सात ठिकाणी वस्तू टांगा: नारळ, सुपारीचा घोस, काकडी, कवंडळ, तेरड्याची फुलं, आंब्याचा टाळ आणि मधोमध पुन्हा नारळ. दोन लांब, एक आखूड असं लोंबतं ठेवा, पण एकही वस्तू फितीला टेकू देऊ नका. किमान अर्धं घर हवा राहू द्या. फितीत फक्त अक्षरं, बाकी काही नाही.

आणखी दोन गोष्टी आपल्या जिल्ह्यातल्याच आहेत. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, गोल असतात. दशावतारी गंजिफांच्या संचात १० रंग आणि प्रत्येकी १२ अशी १२० पानं असतात. त्यांच्या गोल काठाची पट्टी फितीच्या दोन टोकांशी १२ मिमी व्यासाच्या वर्तुळात वापरता येते. वर्तुळात चित्र लहान आणि साधं ठेवा, मासा किंवा कासव, म्हणजे मत्स्य आणि कूर्म. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची लोककला. त्या शैलीतले एका बाजूने दिसणारे चेहरे आणि ठाम काळी कड पाहून घ्या. नुसती तशी जाड-बारीक कड फितीला दिली तरी पान उठून दिसतं.

रंग तीनच. जांभ्याचा तांबडा-तपकिरी, हिरवा आणि कोकमाचा जांभळट लाल. चौथा घेतलात तर फितीची गडद घडी त्या गर्दीत ओळखू येत नाही.

प्रश्न (गुहागर): एवढी सजावट केली तर ते बुलेट जर्नल राहतं का? मूळ पद्धतीत चित्रं नसतात असं ऐकलं.

उत्तर: खरं आहे. रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये मांडलेली पद्धत अगदी साधी होती: अनुक्रमणिका, पुढच्या महिन्यांची नोंद, महिन्याचं पान, रोजच्या नोंदी आणि ठिपका-फुलीच्या खुणा. सजावट वापरणाऱ्यांनी नंतर आणली. तुमच्या नोंदी चालू राहत असतील तर फीत असायला काहीच हरकत नाही. सजावट पूर्ण झाली नाही म्हणून आठवड्याचं पान कोरं राहत असेल, तर त्या आठवड्यांसाठी २ घरं उंच, बिनघडीची साधी पट्टी काढा. तीन मिनिटांत होते. मोठी फीत महिन्याच्या पानापुरती.

प्रश्न (दापोली): खोडता येणाऱ्या जेल पेनने केलेली एप्रिल-मेची सगळी शीर्षकं गायब झाली. वही स्कूटरच्या डिकीत होती. शाई खराब होती का?

उत्तर: नाही, ती शाई तशीच असते. घासून खोडता येणारी ही शाई खरं तर घर्षणाच्या उष्णतेने रंगहीन होते, साधारण ६० अंश सेल्सिअसला. उन्हात उभ्या गाडीची बंद डिकी फार तापते. वही पिशवीत नीट बांधून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून पाहा, अक्षरं बऱ्याच अंशी परत येतात, मात्र कधी कधी खोडलेलंही सोबत परत येतं. पुढे अशा पेनाने फक्त कच्चं काम करा आणि कड पिगमेंट शाईने ओढा. नवीन पेनं घेताना त्यांवरचे आकडे मिलिमीटर समजू नका. पिग्मा मायक्रॉन या फाइनलायनरचं ०१ म्हणजे ०.२५ मिमी आणि ०५ म्हणजे ०.४५ मिमी. फितीची कड ०५ने आणि सावलीच्या रेघा ०१ने, एवढी दोनच पेनं पुरतात. पेन्सिल एचबी घ्या, टू-बी दमट कागदावर फार पसरते.

प्रश्न (सावंतवाडी): शाईची रेघ चुकली की मी व्हाइटनर लावते. वाळल्यावर तिथे भेगा पडतात आणि वर लिहिलं की शाई पसरते. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: व्हाइटनरचा थर कागदापेक्षा कडक असतो. पान वाकलं की तो तडकतो, आणि त्याच्यावर शाई शोषली जात नाही. बारीक चूक असेल, एक मिमी रेघ बाहेर गेली असेल, तर कडच थोडी जाड करून ती आत घ्या, पण मग समोरची कडही तेवढीच जाड करा. चूक घडीच्या आसपास असेल तर त्रिकोण अर्ध्या घराने मोठा करून झाकता येते. शब्दच चुकला असेल तर वहीच्या मागच्या एखाद्या कोऱ्या पानातून त्याच कागदाचा तुकडा काढा, त्यावर पूर्ण फीत नव्याने काढा, कडेबाहेर २ मिमी सोडून कापा आणि ग्लू स्टिकने वरून लावा. वरून कोरा कागद ठेवून त्यावर जड पुस्तक ठेवा आणि तासभर दाबून राहू द्या. कापलेल्या कडेवरून फिक्या राखाडी पेनने एक बारीक सावली खाली आणि उजवीकडे दिली की तुकडा मुद्दाम वर लावल्यासारखा दिसतो. सावली या दोनच बाजूंना द्या, चारही बाजूंना नको.